दगडांच्या गोष्टीचा गाळलेला भाग

आमच्या घरात ‘दगडांची गोष्ट’ म्हणून एक गोष्ट आहे. ती माझी. लग्नाच्या पंगती उठल्यावर, बारशाला, माझ्या स्वतःच्या निरोप समारंभात, एकदा तर तेराव्याच्या जेवणानंतरसुद्धा मी ती सांगितली आहे, आणि लोक हसले आहेत. एक कोलाम आदिवासी म्हातारा मोजणीचे दगड उपटून कावडीत घालतो आणि सरकारला परत आणून देतो, एवढीच ती गोष्ट. मी म्हाताऱ्याची चाल करून दाखवतो, साहेबाचं तोंड करून दाखवतो आणि शेवटी माझंही करून दाखवतो. स्वतःला हसणाऱ्या माणसावर लोक लगेच विश्वास ठेवतात, हे मला फार लवकर कळलं होतं.

मागच्या दिवाळीत गोष्ट संपल्यावर धाकट्या सुनेनं विचारलं, “मग बाबा, त्या पोडाचं पुढं काय झालं?” ती पांढरकवड्याची, गोष्टीतल्याच मुलखातली आहे. साठ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, कारण गोष्ट मी अशा जागी थांबवतो की तिथं हसू आवरत नाही, आणि हसणारा माणूस प्रश्न विचारत नाही. मी म्हणालो, “चहा टाकता का कोणी?” चहा आला. उत्तर राहिलं. ते इथं लिहितो आहे. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा नकला करायला लागेन.

लेतू नाईक हे मारेगावच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका कोलाम पोडाचे नाईक, म्हणजे प्रमुख. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. पंधरा-वीस कुडाच्या झोपड्या, मधोमध चावडी आणि भोवती आज्या-पणज्यांपासून पेरलेलं ज्वारी-तुरीचं वावर. मी तेव्हा त्यांना अरे-तुरे करत असे. ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे होते. इथं लिहिताना ती चूक दुरुस्त करतो. काही कष्ट न पडता होणारी ही एकच दुरुस्ती आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी मोजणी खात्यात चिकटलो आणि मारेगावच्या तळावर गेलो. मी दिग्रसचा, मॅट्रिक पास, वय तेवीस, लग्न ठरलेलं. सोला हॅट डोक्यावर, खाली खाकी हाफपँट आणि तिच्यातून निघालेले दोन पाय, जे पाहून तळावरचा स्वयंपाकी मला बगळा म्हणायचा. मला मात्र आपण इंग्रज साहेबासारखे दिसतो असं वाटे.

काम असं होतं. एका लाकडाच्या ठेकेदारानं त्या पोडाची जमीन मागितली होती. ती पडीक आहे, बाहेरून माणसं आणून मी तिथं वसवतो, असा त्याचा अर्ज. कोलाम म्हणत होते, पडीक कशी, आम्ही पेरतो. पण कागद त्यांच्याकडं एकही नव्हता. मी मोजायचं, हद्दीचे दगड रोवायचे. मग सुनावणी, आणि मग ठरणार की पोड राहतं की उठतं.

पहिल्या दिवशी नाईक शिवेवरच उभे होते. उंच, काटक, खांद्यावर लहानशी कुऱ्हाड, डावा कान अर्धा. मला आपादमस्तक पाहून म्हणाले, “तू मोजनीवाला?”

“साहेब म्हण,” मी म्हणालो.

“बरं सायब,” ते म्हणाले, “तू जेवला का?”

मी जेवलो नव्हतो. त्यांच्या घरच्या ज्वारीच्या भाकरीवर आणि तुरीच्या घुगऱ्यांवर माझा साहेबपणा पहिल्याच दिवशी निकालात निघाला. पुढं त्यांनी आपल्या मनानंच मला ‘मोजनीबापू’ केलं.

माझा साखळीवाला तापानं पडला तेव्हा मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक नाईकांनी धरलं. ज्यांची जमीन जाणार तेच ती मोजायला मदत करताहेत, यात मला तेव्हा काही विचित्र वाटलं नाही. संध्याकाळी माझे आकडे काही केल्या जुळेनात. ते बाजूला बसून काडीनं मातीत रेघा ओढत होते. बोलायच्या आधी ते नेहमी काडी मोडून टाकत. काडी मोडली आणि म्हणाले, “त्या मोहाजवळ साकळी अडकली, तू शिव्या देल्ल्या, अन् मंग तेवढंच पुन्हा मोजलं.” तपासलं, तर खरंच तसं होतं.

कानाचं विचारलं तर म्हणत, “अस्वलानं मोजनी केली बापू. त्याच्या मतानं एवढाच कान माहा.” मग हसत. त्यांच्या हसण्याला आवाज नसे, फक्त खांदे हलत. कोणाला ते ‘नाही’ म्हणत नसत. ‘पाहू’ म्हणत. ठेकेदाराचा माणूस पोड उठवायची बोलणी करायला आला, त्यालाही ते ‘पाहू’ म्हणाले आणि भाकरी खायला घातली. तो गेल्यावर मी विचारलं, असल्या माणसाला भाकर कशाला? काडी मोडून म्हणाले, “भुकेला होता. भुकेला मानूस लबाडी बी धड करत नाई.”

मोजणी झाली. बारा दगड रोवले, चुना लावला, मी तळावर परतलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचे नायब तहसीलदार साहेब डाक बंगल्याच्या व्हरांड्यात दाढी करत बसले होते. अर्ध्या तोंडाला फेस. समोरून सहा कोलाम एका ओळीत आले, खांद्यावर कावडी. त्यांनी आवारात बारा दगड नीट रांगेत मांडले. नाईक पुढं झाले. “सायब, तुमचे गोटे आमच्या वावरात राहून गेलते. आनून देल्ले. मोजून घे.”

साहेब ओरडायला लागले तसा फेस उडायला लागला. आम्ही दगड पुन्हा नेऊन रोवले, पाच दिवसांत ते पुन्हा आले. तिसऱ्यांदा तर धुऊन, चुना काढून आणले. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते आणि तळावर माझं राज्य होतं. नाईक म्हणाले, “बापू, दरखेपी आनून देतो. उद्या म्हनशीन चोरले. पोच दे.” तळावरची सगळी मंडळी जमली होती. एवढे श्रोते समोर असताना मी गप्प राहणारा नव्हतो. छापील मथळ्याचा कागद घेतला आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, ‘बारा नग दगड मिळाले.’

“कुठून आनले थे बी लिव,” नाईक म्हणाले. “आमच्या वहितीच्या वावरातून.”

लिहिलं. ‘मौजे अमुक येथील कोलामांच्या वहितीच्या जमिनीतून आणलेले.’ खाली झोकात सही केली, खात्याचा शिक्का मारला. लोक पोट धरून हसले. नाईकांनी कागदाची घडी घालून धोतराच्या कनवटीला खोचली.

माझी गोष्ट इथं थांबते. हास्यस्फोट, चहा.

आता गाळलेला भाग.

दगड परत करण्यामागचं कारण नाईकांनी मला आधीच सांगितलं होतं. त्यांच्या चावडीत एक सागाचा खांब होता, खालून हातभर जळलेला. चांगला सागवान दारात उभा असताना जळका खांब कशाला ठेवला, असं मी विचारलं होतं. त्या दिवशी त्यांनी एकामागून एक तीन काड्या मोडल्या. इंग्रजांच्या वेळी त्यांच्या आज्याचं पोड नदीकाठच्या सपाटीवर होतं. घोड्यावरचा साहेब आला, त्यानं जंगलाची हद्द आखली, दगड रोवले आणि हद्दीच्या आत पेरायचं नाही म्हणाला. आज्यानं दगड उपटले आणि डोहात फेकले. मग बंदुका आल्या. आजा आणि त्याचा भाऊ तिथंच पडले. झोपड्या धान्यासकट पेटवल्या. जे वाचले ते हा खांब उपटून घेऊन वर सरकले. बापाच्या वेळी पुन्हा उठवलं, पुन्हा खांब घेऊन सरकले.

“आजानं गोटे फेकले म्हनून गोळी घातली,” नाईक म्हणाले. “म्हनून आमी फेकत नाई. आनून देतो. आनून देनाऱ्याले कोन्त्या कायद्यानं मारशीन?”

मग खांबाकडं हात करून म्हणाले, “तुमच्या पटवाऱ्याजवळ कोनं काय पेरलं त्याचं पेरेपत्रक. आमच्याजवळ हा खांब. पन खांब बोलत नाई ना सायबापुढं.”

म्हणजे त्यांनी पोच मागितली ती भाबडेपणानं नाही. जमीन पडीक नाही, पेरलेली आहे, असं बोलणारा कागद त्यांना हवा होता. आवारातल्या त्या सगळ्या गर्दीत त्या दिवशी काय चाललंय हे समजणारे ते एकटे होते, आणि मी विदूषक होतो. गोष्ट सांगताना मी भूमिका उलट्या वाटून देत आलो.

सुनावणी दोनदा पुढं ढकलली गेली. दोन्ही वेळा नाईक आठ-दहा माणसं घेऊन चार कोस चालत आले, आवारातल्या कडुनिंबाखाली बसून राहिले आणि परत गेले. ठेकेदाराला ते खुपत होतं. हजर असलेल्या माणसाचं ऐकावं लागतं, आणि साहेब तसे नियमाला भिणारे होते.

उन्हाळा सरत आला तेव्हा नाईकांनी मला गावबांधणीबद्दल सांगितलं. पेरणीच्या आधी एक दिवस पुजारी शिवेवरून फिरतो, चारी बाजूंना पूजा देतो आणि गाव बांधतो. रोगराई, वाईट वारं आत येऊ नये म्हणून. एकदा शीव बांधली की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. “आदल्या दिशी येजो बापू,” ते म्हणाले, “एक दिवस आमच्यासंग बांधलेला राह्य.” दिवसही सांगितला.

मी गेलो नाही. त्याऐवजी मी ती गोष्ट साहेबांच्या टेबलावर चहाबरोबर सांगितली, नकलांसकट. सगळं गाव कसं स्वतःला कोंडून घेतं, पुजारी कसा चालतो. साहेब हसले. ठेकेदार बसला होता, तो हसला नाही. त्यानं विचारलं, “कोन्त्या दिशी म्हनलं?” मी दिवस सांगितला. गोष्टीत तपशील अचूक असावा, अशी माझी तेव्हाही समजूत होती.

चार दिवसांनी सुनावणीची नोटीस माझ्याच हातानं लिहायची आली. तारीख तीच. लिहिताना माझा टाक क्षणभर थांबला, एवढं मी माझ्या बाजूनं सांगू शकतो. मग मी त्यावर टिपकागद दाबला. दिग्रसच्या बदलीची माझी फाईल साहेबांच्या पुढ्यात होती आणि लग्न तोंडावर आलं होतं.

नोटीस ऐकून नाईक दुसऱ्याच दिवशी एकटे तळावर आले. तारीख बदलते का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, आता बदलत नाही. गाव बांधायचा दिवस बदला. म्हणाले, पुजाऱ्यानं दिवस काढला, आसपासच्या पोडांना निरोप गेले. मग मी वैतागून म्हणालो, “अरे, तू एकटा ये ना गुपचूप. कोण पाहतंय?”

त्यांच्या हातात काडी नव्हती.

“बांधलेली शीव मी नाईक असून तोडली,” ते म्हणाले, “त मंग थे शीव आमची हाय म्हनून सायबाले कोन्या तोंडानं सांगू?”

आणि कनवटीतून ती पोच काढून माझ्या हातात दिली. “तू त तथीच राह्यशीन. तुहीच सही हाय. सायबाले दाखव. ‘वहितीची’ लिवलं हाय तूच. मंग आमी नसलो तरी चालते.”

मी म्हणालो, दाखवतो.

सुनावणीला दहा मिनिटं लागली. कोलामांतर्फे कोणी हजर आहे का, असं शिपायानं तीनदा पुकारलं. कडुनिंबाखाली एक बकरी बसली होती. साहेबांनी मला विचारलं, “मोजणीदार, तुम्हाला काही सांगायचं आहे?” पोच शर्टाच्या खिशात होती. ती काढली असती तर साहेबांच्या मागं आपण त्यांच्या शिक्क्याशी कसा खेळ केला, हे पहिल्या ओळीतच उघड झालं असतं. बदली गेली असती, कदाचित नोकरीही. मी म्हणालो, “नाही साहेब.” साठ वर्षं बडबडण्यात घालवलेल्या माणसानं जिथं बोलायचं तिथं एवढे दोनच शब्द उच्चारले.

‘हरकतदार गैरहजर, जमीन पडीक’ असा निकाल झाला.

पंधरवड्यानं पोड उठवलं. हद्द दाखवायला मोजणीदार लागतो, म्हणून मी होतो. हातात झेंडी, डोक्यावर हॅट. ठेकेदाराची माणसं लाठ्या घेऊन आली होती, पोलीस बाजूला उभे. कोलाम पळाले नाहीत आणि त्यांनी कुऱ्हाडीही उचलल्या नाहीत. शिवेवर एका ओळीत बसले, बायकांसकट. मग लाठ्या पडल्या. एका बाईचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. झोपड्या पेटवल्या तेव्हा आत बी-बियाणं होतं. पेरणी आठ दिवसांवर आली होती. सहा जणांनी चावडीचा खांब उपटला आणि खांद्यावर घेतला. तो आणखी थोडा जळला होता.

नाईकांच्या कपाळातून रक्त येत होतं. ते माझ्याकडं आले. मला वाटलं, मारतील. त्यांनी विचारलं, “बापू, कागद दाखवला होता?”

मी म्हणालो, “दाखवला. साहेबांनी मानला नाही.”

त्यांनी हातानं कपाळावरचं रक्त पुसलं. मग म्हणाले, “तुनं त दाखवला. तुहा काय दोष.” माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मंग थो वापस दे. पुढं कामी येईन.”

“फाईलला लागला,” मी म्हणालो.

तो माझ्या खिशातच होता. त्यांचा हात आणि तो कागद, मध्ये शर्टाचं एक कापड होतं.

माझी बदली झाली. लग्न झालं, वाजतगाजत. दिग्रसला असताना मारेगावकडून बातम्या येत. ठेकेदारानं बाहेरून आणलेली माणसं तिथं वसवली, आणि रोज सकाळी त्यांच्या दारांपुढं हद्दीचे दगड रांगेत मांडलेले दिसत. कोण आणतं ते कळत नव्हतं. कुणाच्या अंगाला हात नाही, पिकाला धक्का नाही, नुसते दगड, धुतलेले. तीन-चार वर्षांत अर्धी माणसं कंटाळून निघून गेली. जमीन मात्र कोलामांना परत मिळाली नाही. बातमीतला दगडांचा भाग मी घरी रंगवून सांगितला, आणि ‘दगडांची गोष्ट’ तेव्हापासून सुरू झाली.

पासष्ट सालच्या सुमारास खात्याच्या कामानं पांढरकवड्याला गेलो होतो. तिथं कळलं, लेतू नाईकांचं पोड आता पलीकडच्या डोंगरावर आहे. पोच पेटीतून काढून मी बरोबर घेतलीच होती. बोलायचं वाक्यही एसटीत घोकून ठेवलं. फाट्यावर उतरून दोन तास चढलो. शिवेजवळ आलो तर वाटेवर आंब्याची डहाळी आडवी टाकलेली, आत कुठं तरी ढोल वाजत होता. गाव बांधलेलं होतं. ज्या दिवसाची नक्कल करून मी एक पोड उठवलं, तो दिवस माझ्या लक्षातही राहिला नव्हता.

चाळीस पावलांवर मोहाखाली नाईक बसले होते. खूप म्हातारे दिसत होते. डोळ्यांवर हात धरून त्यांनी विचारलं, “कोन होय?”

“मी, मोजणीवाला.”

खांदे हलले. “मोजनीबापू? बांधलं हाय रे आज. सकाळी ये. जेवाले ये.” मग हातानं दाखवलं. “तथी झाडाखाली मडकं हाय. पानी पे. थकला अशीन.”

मी पाणी प्यालो. बाहेरून ओरडूनही सांगता आलं असतं. त्यांना ऐकू येत होतं, मला बोलता येत होतं आणि शब्द शीव ओलांडू नयेत असा काही नियम नव्हता. पण चाळीस पावलांवरून ओरडून सांगायचं म्हणजे सगळ्या पोडाला ऐकू जाणार. झाडाखाली झोपून सकाळपर्यंत थांबताही आलं असतं. त्यांनी एका दिवसासाठी सगळं वावर गमावलं होतं, मला नुसता एक दिवस थांबायचं होतं. माझी चारची गाडी होती. मी हात वर केला, त्यांनीही केला. वळणावर मागं पाहिलं तेव्हा ते उठून डहाळीपर्यंत आले होते, पण तिच्या आतच उभे होते, माझ्याकडं पाहत.

सकाळी मी दिग्रसला होतो. दोन वर्षांनी कळलं की ते गेले.

पोच अजून माझ्याकडं आहे. सूनबाई, ती कपाटात माझ्या निवृत्तीच्या कागदांखाली आहे, शाई अजून वाचता येते. एसटीत घोकलेलं वाक्यही मला अजून पाठ आहे. नाईक, कागद मी दाखवलाच नव्हता.